वरच्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूला

किल्ली घे. नळाला पाणी सकाळी सहा ते साडेसात.
भाड्याचं ठरलंच आहे.
आता करारात नाही ते ऐक.

तुझी बाहेरची खोली आषाढापासून अर्धी आमची,
म्हणजे भांडी बाजारातल्या या सात दुकानांची.
तिथे पलंग टाकू नकोस.
टाकलास, तर एखाद्या रात्री
पातेल्यांच्या उतरंडीला टेकून झोपावं लागेल.

धरणातून किती सोडलं ते मोबाइलवर येतं,
पण आकडा वाचून कुणाचे पाय हलत नाहीत.
आम्ही दुतोंड्या मारुतीकडे बघतो :
घोट्याला, गुडघ्याला, कमरेला.
कमरेला लागलं की झाकीर कोकणी
शटरवर काठी वाजवतो, तीनदा.
तू लगेच जिन्यातला दिवा लाव.
दिवा दिसला की आम्ही चढायला लागतो.

आधी वह्या. मग वजनकाटे.
मग खोक्यांतलं स्टील, मिक्सर, कुकर,
आणि लग्नाच्या ऑर्डरीचं जे नाव घालून झालंय ते.
तांबं-पितळ राहू दे खालीच.
बुडलं तर बुडलं. तांब्याला पूर नवा नाही,
चिंच आहे, मीठ आहे,
घासायला आम्ही आहोत.

फ्यूज वडनेरे वहिनी काढतात.
त्या माहेरी गेल्या असतील तर रबरी चपला
त्यांच्या दाराआड, लाकडी फळी चपलांखाली.
दोर तुझ्या खिडकीच्या गजाला बांधतो.
गज मी दर अक्षय्यतृतीयेला हलवून बघते,
तुझ्या आधीचा भाडेकरू हसायचा.
एकदा त्याच दोरानं वर आला,
मग नाही हसला.

आधी माणसं, असं सांगायला हवं होतं मी.
सगळे तसंच सांगतात.
आम्हीही यादी केली होती :
मालक, गुमास्ते, भाडेकरू, त्यांची पोरं.
त्या रात्री तुझ्या खोलीत मोजले, एकतीस.
यादीतही एकतीस.
पोपटशेठ म्हणाले, हिशेब जुळला.
पहाटे कुणाला तरी आठवलं,
ओट्याखाली निजणारा भागवत कुठाय?

सातही दुकानांचा माल ओढायचा तो.
कुणा एकाचा नव्हता,
म्हणून कुणाच्याच वहीत नव्हता.
हातगाडी सापडली, टाकळीच्या पुढे, बाभळीत.

तेव्हापासून काठी वाजली की दोघंजण
वर न येता आधी खाली जातात.
ओट्याखाली बघतात, टपऱ्यांच्या मागे,
आणि दशक्रियेला आलेल्या परगावच्या माणसांत,
नुकतं मुंडण झालेलं, डोक्यावर ऊन घेऊन बसलेली,
ज्यांना गंगा म्हणजे चार पायऱ्या वाटते.
यंदा त्या दोघांत तू आहेस.
पोहता येतं का, मी विचारलं नाही.
पोहायचं नाहीच आहे. हाका मारायच्या आहेत.

पाणी उतरलं की आधी फोटो, मग फावडं.
पंचनाम्याचे लोक येतील तेव्हा येतील.
गाळ ओला असेतोवर ओढायचा,
वाळला की फरशीच होऊन बसतो.
हिरालाल आणि पोपटशेठ बोलत नाहीत,
एका पन्हाळीवरून, नऊ वर्षं झाली.
गाळाच्या दिवशी एकच घमेलं
दोघं दोन बाजूंनी धरतात, न बोलता.
तू त्यावर काही म्हणू नकोस.
मागे एकानं म्हटलं
आणि घमेलं तसंच पडून राहिलं संध्याकाळपर्यंत.

चहा तुझ्याकडे. साखर मी देईन.
जिन्यात नवव्या पायरीशी भिंतीवर रेघ आहे,
रंग दिलास तर तेवढी सोडून दे.

नाव काय म्हणालास?
पूर्ण सांग.
आणि रात्री मुक्कामाला कुणी येत असेल
तर त्याचंही.